फूरिए : उष्णतेचा हिशेब आणि आपली जड फाईल

इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाने एक नाव शिव्या घालत घालत पाठ केलेलं असतं. ए-नॉट, ए-एन, बी-एन... एम-थ्रीच्या पेपरात हमखास येणारा तो प्रश्न! आपल्याकडे कुणी 'फोरिअर' म्हणतं, कुणी 'फुरियर'. मूळ फ्रेंच उच्चार 'फूरिए'च्या जवळ जातो, म्हणून इथे तसंच लिहितोय. इंटिग्रेशन बाय पार्ट्स करताना हात दुखतो, पण ज्याच्यामुळे तो दुखतो तो माणूस कोण होता, हे सहसा आपण विचारत नाही. हा अनाथ पोरगा पुढे क्रांतीच्या तुरुंगात जाऊन आला, नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला, कलेक्टरही झाला. आणि आज तुम्ही फोटोशॉपमध्ये चारशे एमबीची फाईल उघडून तोंडात बोट घालून बसता, तेव्हा पडद्यामागे त्याचंच गणित राबत असतं. म्हणून हा लेख.

जोसेफ फूरिएचा जन्म 21 मार्च 1768 चा, फ्रान्समधल्या ओसेर गावचा. वडील शिंपी, घरात पोरांचं लेंढार. नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. गावातल्या ओळखीच्या लोकांनी खटपट करून त्याला तिथल्या लष्करी शाळेत घातला. ही शाळा बेनेडिक्टाईन पंथाचे साधू चालवत. तिथे तेराव्या-चौदाव्या वर्षी पोराला गणिताचं वेड लागलं. बेझू नावाच्या लेखकाच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाचे सहा खंड त्याने चौदाव्या वर्षापर्यंत संपवले. दिवसा वेळ पुरायचा नाही म्हणून जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करायचे आणि रात्री सगळे झोपल्यावर त्या उजेडात बसायचं. लाईट गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चमध्ये जर्नल पूर्ण करणाऱ्यांना हे पटकन कळेल.

त्याला तोफखान्यात जायचं होतं. तिथे गणिताला किंमत होती. पण क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये त्या जागा सरदार घराण्यांसाठी राखीव. हा दुसरा न्यूटन असला तरी शिंप्याच्या मुलाला जागा नाही, अशा अर्थाचं उत्तर मंत्र्याकडून आलं म्हणतात. अर्ज फेटाळला. मग दुसरी वाट उरली ती धर्माची. 1787 साली तो मठात दाखल झाला, पण मन गणितातच. एकविसावा वाढदिवस झाला त्या दिवसांत त्याने आपल्या शिक्षकाला पत्र लिहिलं आणि त्यात खंत केली, की या वयात न्यूटन आणि पास्कल यांनी अमर होण्याइतकं काम केलं होतं. थर्ड इयरला ही भावना कुणाला नवीन नाही! फरक एवढाच की त्याने मठ सोडला. 1789 साली त्याने दीक्षा न घेताच बाहेर पडून पॅरिस गाठलं आणि समीकरणांवरचा एक निबंध अकादमीत वाचला. त्याच वर्षी क्रांती झाली.

परत गावी येऊन तो जुन्या शाळेत शिकवू लागला. क्रांतीने शिंप्याच्या पोराला बंद असलेले दरवाजे उघडले होते, त्यामुळे तो मनापासून तिच्या बाजूने होता. 1793 मध्ये स्थानिक क्रांतिसमितीत गेला. पण लवकरच दहशतीचं राज्य सुरू झालं. ऑर्लेआंमध्ये याने चुकीच्या गटातल्या माणसांची बाजू घेतली आणि जुलै 1794 मध्ये याची रवानगी तुरुंगात झाली. गिलोटिन तेव्हा रोज चालू होतं. 28 जुलैला रोबेस्पिएरचंच डोकं उडालं आणि फूरिए वाचला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी रोबेस्पिएरचा समर्थक म्हणून त्याला पुन्हा आत टाकलं! म्हणजे आधी याच्या बाजूने नाही म्हणून, आणि नंतर याच्या बाजूने होता म्हणून. राजकारणात दोन्हीकडून मार खाणारा माणूस तो हाच.

या दोन्ही अटकांच्या मध्ये एक चांगली गोष्ट झाली. शिक्षक तयार करण्यासाठी पॅरिसमध्ये 1795 मध्ये एकोल नॉर्माल सुरू झालं, आणि फूरिए तिथे विद्यार्थी म्हणून गेला. शिकवायला कोण? लाग्रांज, लाप्लास आणि माँज! (लाप्लासचं नाव काढलं की पुढच्या पेपराची आठवण येते, असो.) दोन वर्षांत एकोल पॉलिटेक्निकमध्ये तो लाग्रांजच्याच जागेवर शिकवू लागला. शिक्षक म्हणून त्याचं नाव चांगलं होतं.

1798 मध्ये नेपोलियन इजिप्तवर निघाला तेव्हा सैन्याबरोबर शास्त्रज्ञांची एक पलटणही घेऊन गेला. फूरिए त्यात होता. ऑगस्टमध्ये नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं आणि सगळेच अडकले. कैरोत जी संस्था स्थापन झाली तिचा फूरिए सचिव. तिथे त्याने गणितही केलं, कारभारही केला आणि जुन्या अवशेषांची पाहणीही केली. 1801 मध्ये परतला तो एक सवय घेऊनच. त्याला इजिप्तची ऊब आवडली होती. पुढे आयुष्यभर तो खोल्या भट्टीसारख्या तापवून, अंगावर थरावर थर कपडे चढवून बसायचा. उष्णतेवर एवढं काम करणाऱ्या माणसाला स्वतःलाच सतत थंडी वाजत असावी!

त्याला पॅरिसला जाऊन शिकवायचं होतं. पण नेपोलियनने 1802 मध्ये त्याला ग्रनोब्लला प्रीफेक्ट म्हणून धाडलं. प्रीफेक्ट म्हणजे साधारण आपल्याकडचा कलेक्टर. इझेर नावाचा डोंगराळ जिल्हा. नको होती तरी नोकरी त्याने नीट केली. बुर्ग्वाँच्या दलदलीतून ताप पसरायचा. ती दलदल उपसायची म्हणजे आजूबाजूच्या अनेक गावांची समजूत घालायची, आणि याने ती घातली. आल्प्समधून तोरिनोकडे जाणारा रस्ता त्याच्याच काळात आखला गेला. इजिप्तवरच्या प्रचंड ग्रंथाची ऐतिहासिक प्रस्तावना त्यानेच लिहिली. चित्रलिपी पुढे उलगडणारा शांपोलियाँ तेव्हा ग्रनोब्लमध्ये पोरसवदा होता, आणि त्याला लष्करभरतीतून सूट मिळावी म्हणून फूरिएने शब्द टाकला होता. आणि या सगळ्या फायली, मीटिंगा, रस्ते, दलदल यांच्यातून उरलेल्या वेळात त्याने उष्णतेचं गणित मांडलं. 'सबमिशनमुळे वेळ मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता त्याने नेमकं केलं काय? एक लोखंडी कडं घ्या. एका बाजूला तापवा. आता त्यात उष्णता कशी पसरते? फूरिएने थर्मामीटर लावून प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि समीकरणही मांडलं. खरी करामत त्या समीकरणाच्या उत्तरात आहे. तो म्हणाला, कड्यावरचं सुरुवातीचं तापमान कितीही वेडंवाकडं असू दे, ते साध्या साइन-कोसाइन लहरींची बेरीज म्हणून मांडता येतं. मग प्रत्येक लहरीचं काय होतं ते वेगवेगळं बघा आणि शेवटी पुन्हा बेरीज करा. लहर जितकी बारीक, तितकी ती लवकर मरते, आणि तेही वर्गाच्या हिशेबाने. कड्याला एकच वळसा घेणारी मोठी लहर जेवढ्या वेळात अर्धी होते, तेवढ्याच वेळात दोन वळशांची लहर एक-सोळांश उरते आणि तीन वळशांची एक-पाचशेबारांश! म्हणजे थोड्याच वेळात सगळे बारीक चढउतार पुसले जातात आणि एक गुळगुळीत चढण-उतरण शिल्लक राहते.

हे ध्यानात ठेवा, कारण फोटोशॉपमधलं गॉशियन ब्लर म्हणजे अक्षरशः हेच आहे. 'यासारखं' नव्हे, हेच. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलची उजळता म्हणजे त्या जागेचं तापमान समजा आणि उष्णता थोडा वेळ वाहू द्या. जे उरतं ते गॉशियन ब्लर झालेलं चित्र. रेडियस वाढवणं म्हणजे जास्त वेळ वाहू देणं. रेडियस दुप्पट तर वेळ चौपट. म्हणूनच 3 चं ब्लर मारून वर 4 चं मारलं तर 7 चं होत नाही, 5 चं होतं. पायथागोरसचा हिशेब! कुणाला खोटं वाटत असेल तर लॅबमध्ये करून पाहा.

आणि इथेच जड फायलींचा प्रश्न येतो. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी कुठल्या ना कुठल्या रूममध्ये हा प्रकार चालतो. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स करायचा असतो, आणि कुणीतरी हुशारी करून 300 डीपीआयची फाईल उघडतो. हिशेब करा. 36,000 गुणिले 72,000 पिक्सेल, म्हणजे 259 कोटींच्या वर. प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा मिळून तीन बाइट धरले तर जवळपास 7.8 जीबी, आणि हा फक्त एक लेअर! पीएसडी फाईलला मुळात 30,000 पिक्सेल आणि 2 जीबी ही मर्यादा. त्यापुढे जायचं तर पीएसबी हा मोठ्या फायलींचा प्रकार वापरावा लागतो, जो 2003 मध्ये फोटोशॉप सीएसबरोबर आला. त्यात प्रत्येक बाजूला 3,00,000 पिक्सेलपर्यंत जाता येतं. पण म्हणून जायचंच असं नाही ना! रॅम भरली की फोटोशॉप उरलेला माल हार्ड डिस्कवर, म्हणजे स्क्रॅच डिस्कवर टाकतं, आणि मग ब्रशचा एक फटकारा मारून चहा पिऊन यावं लागतं.

याच फ्लेक्सची फाईल 72 डीपीआयने केली तर 8,640 गुणिले 17,280 पिक्सेल, साधारण 448 एमबी. 36 ने केली तर त्याच्या चौथाई, 112 एमबी. चित्र खराब होईल? फूरिएच्या भाषेत विचार करा. 300 डीपीआयमध्ये जे जास्तीचं असतं ते म्हणजे फार बारीक लहरी. फ्लेक्स बघणारा गेटपाशी वीस फुटांवर उभा आहे. त्या अंतरावरून चांगल्या डोळ्याला साधारण पावणेदोन मिलिमीटरच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. 36 डीपीआयचा एक पिक्सेल जेमतेम 0.7 मिलिमीटरचा. म्हणजे उरलेल्या सगळ्या बारीक लहरी आपण फक्त हार्ड डिस्कला दाखवण्यासाठी सांभाळत असतो. ए-झिरो आकाराच्या प्रोजेक्ट पोस्टरची गोष्ट वेगळी. तो लोक हातभर अंतरावरून वाचतात, तिथे 300 डीपीआयच्या 418 एमबी समजू शकतो.

मात्र चित्र लहान करतानाही एक पथ्य आहे. नुसते एकाआड एक पिक्सेल फेकून दिले, तर चौकटीच्या शर्टावर किंवा जाळीच्या खिडकीवर नसलेल्या लाटा उमटतात. आधी बारीक लहरी मारायच्या, म्हणजे चित्र थोडं ब्लर करायचं, आणि मगच पिक्सेल कमी करायचे. चांगलं सॉफ्टवेअर 'इमेज साईझ'मध्ये हे स्वतःच सांभाळतं. मोठी फाईल 25 टक्के झूमवर भराभर सरकते त्याचं रहस्यही हेच. प्रोग्रॅम मूळ चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश अशा लहान प्रती बनवून ठेवतो आणि झूमप्रमाणे त्यातली एक दाखवतो. फोटोशॉपच्या प्रेफरन्समध्ये 'कॅश लेव्हल्स' म्हणून जे असतं ते हेच. या सगळ्या प्रतींचं ओझं किती? एक-चतुर्थांश अधिक एक-षोडशांश अधिक... मिळून फक्त एक-तृतीयांश! फायदा बघता स्वस्तच म्हणायचं. फक्त शार्पनेस ठरवताना झूम 100 टक्क्यांवर आणा, कारण एरवी तुम्ही मूळ चित्र बघतच नसता.

पुन्हा फूरिएकडे. 21 डिसेंबर 1807 रोजी त्याने हा निबंध पॅरिसला सादर केला. परीक्षक चौघे : लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा. म्हणजे बहुतेक त्याचेच गुरू! लाग्रांजला हे पटेचना. कोपरे असलेलं, तुटक फंक्शन गुळगुळीत साइन लहरींच्या बेरजेने कसं मांडता येईल? आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. फूरिएच्या सिद्धतेत भोकं होतीच. निबंध छापला गेला नाही. 1811 साठी अकादमीने याच विषयावर बक्षीस जाहीर केलं. फूरिएने सुधारून पुन्हा पाठवला, बक्षीसही मिळालं, पण शेरा असा की मांडणीत काटेकोरपणा कमी पडतो. आणि पुन्हा छापला नाही! बक्षीस देऊन निबंध कपाटात ठेवणं म्हणजे डिस्टिंक्शन देऊन मार्कशीट अडवून ठेवण्यातला प्रकार. माझ्या मते यात लाग्रांजच्या शंकेपेक्षा प्रतिष्ठेचा भाग जास्त होता, पण हे मत माझं.

दरम्यान राजकारणाने पुन्हा घोळ घातला. 1814 मध्ये नेपोलियन गेला, राजा आला, फूरिए प्रीफेक्ट राहिला. मार्च 1815 मध्ये एल्बाहून सुटलेला नेपोलियन नेमका ग्रनोब्लच्याच रस्त्याने आला! फूरिएने लोकांना राजाशी एकनिष्ठ राहायला सांगितलं आणि स्वतः गाव सोडून निघाला. नेपोलियन आधी भडकला, मग त्यालाच ल्याँचा प्रीफेक्ट केलं. ती नोकरी काही आठवडेच टिकली. वॉटर्लूनंतर राजा परत आला तेव्हा फूरिए पॅरिसमध्ये बेकार, पेन्शन नाही, वय सत्तेचाळीस. कामाला आला तो एक जुना विद्यार्थी. पॉलिटेक्निकमध्ये त्याच्याकडे शिकलेला शाब्रोल आता पॅरिसच्या सेन विभागाचा प्रीफेक्ट होता. त्याने सरांना सांख्यिकी कचेरीचं काम दिलं. स्टाफमधल्या मंडळींनी हा भाग वर्गात जरूर सांगावा!

1816 मध्ये अकादमीने त्याला सदस्य निवडलं, राजाने नेपोलियनचा माणूस म्हणून नाव खोडलं. 1817 मध्ये पुन्हा निवडलं, यावेळी टिकलं. 1822 मध्ये तो अकादमीचा कायम सचिव झाला आणि त्याच वर्षी त्याचं उष्णतेवरचं पुस्तक निघालं, पहिल्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी. कपाटातला तो बक्षीसपात्र निबंधही मग सचिवसाहेबांनी अकादमीच्या अंकात छापून घेतला. सोफी जेर्मां या गणितीला अकादमीच्या सभांना बसता यावं म्हणून त्यानेच खटपट केली. 1824 मध्ये पृथ्वीच्या तापमानावर लिहिताना, वातावरण उष्णता आत येऊ देतं पण बाहेर सहज जाऊ देत नाही, हा विचारही त्याने मांडला. आजच्या हरितगृह परिणामाच्या चर्चेचं मूळ तिथे सापडतं.

लाग्रांजच्या शंकेचं पक्कं उत्तर 1829 मध्ये डिरिश्लेने दिलं. कोणत्या अटींवर ही बेरीज खरंच मूळ फंक्शनला मिळते, ते त्याने सिद्ध केलं. (हो, ओरलला विचारतात त्या डिरिश्लेच्या अटी.) पण हाताने या लहरी काढणं फार किचकट. ते काम झटपट करायची युक्ती गाउसला 1805 च्या सुमाराला सुचली होती, पण ती त्याच्या कागदांतच राहिली. 1965 मध्ये कूली आणि टकी यांनी ती नव्याने शोधली, तीच आपली एफएफटी. 1,024 नमुन्यांसाठी जिथे दहा लाखांवर गुणाकार लागायचे तिथे दहा हजारांच्या आसपास पुरतात. जुन्या अंकातला छापील फोटो स्कॅन करून घेताना ठिपक्यांची जाळी उमटते ना? इमेजजेसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एफएफटी काढा. ती जाळी चारदोन ठळक ठिपके बनून समोर येते. ते ठिपके काळे करा, उलटी एफएफटी घ्या, जाळी गायब!

आणि जेपेग. 1972 मध्ये मूळ बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. चित्र लहान करण्यासाठी फक्त कोसाइन लहरी वापरायची कल्पना त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधीसाठी मांडली. अर्ज फेटाळला गेला! तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि जानेवारी 1974 मध्ये नटराजन आणि राव यांच्यासह निबंध छापला. हा डीसीटी 1992 च्या जेपेग मानकाचा गाभा झाला. चित्राचे आठ बाय आठचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या 64 पिक्सेलऐवजी 64 लहरींचे आकडे लिहायचे, आणि बारीक लहरींचे आकडे ओबडधोबड करून टाकायचे. बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. फाईल सहज दहाव्या हिश्श्यावर येते. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, चाळीस एमबीची जेपेग उघडल्यावर मेमरीत पुन्हा पूर्ण चारशे एमबीच होते. डिस्कवरचा आकडा बघून खूष होऊ नका. दोन, बदल करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं हरवत जातं. काम पीएसडी किंवा टिफमध्ये, जेपेग फक्त शेवटी द्यायला.

शेवटच्या वर्षांत फूरिएची प्रकृती ढासळली. दम लागायचा, हृदय दुबळं झालं होतं. जिन्यावरून पडण्याचं निमित्त झालं आणि 16 मे 1830 रोजी पॅरिसमध्ये तो गेला. लग्न केलं नव्हतं. पेर लाशेझच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

तो असतानाच फ्रान्समध्ये निएप्सने 1826-27 च्या सुमाराला खिडकीबाहेरचं दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवलं होतं. आज टिकून असलेलं कॅमेऱ्याने घेतलेलं सर्वांत जुनं छायाचित्र तेच. फूरिएच्या मृत्यूनंतर अकादमीच्या सचिवपदाच्या खुर्चीवर आला आरागो, ज्याने त्याचं चरित्रही लिहिलं. आणि 7 जानेवारी 1839 रोजी, डागेर नावाच्या माणसाने प्रकाशाकडून चित्र काढून घेण्याची रीत शोधली आहे, ही बातमी जगाला पहिल्यांदा सांगितली ती त्याच आरागोने, त्याच अकादमीत.